बॉनव्हिल स्पीड वीक: पहिल्यांदाच प्रेक्षक म्हणून जाताना मुक्काम कसा करावा

बॉनव्हिल हे अमेरिकेतलं मिठाचं सपाट मैदान, आणि स्पीड वीक म्हणजे तिथे भरणारा गाड्यांच्या वेगविक्रमांचा मेळा. या मिठावर तंबू लावता येत नाही. दिवस मिठावर काढायचा आणि संध्याकाळी तिथून बाहेर पडायचं, असा नियम आहे. ही जमीन अमेरिकेच्या संघीय सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे आणि मिठाच्या थरावर रात्रीचा मुक्काम, चूल, शेकोटी सगळ्याला मनाई आहे. तयारीची सुरुवात इथूनच करा, कारण पाणी, सावली, गाडी, झोप असे बाकीचे सगळे निर्णय यावर ठरतात.

स्पीड वीक बहुतेक वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. सहसा शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या शुक्रवारी संपतो. १९३७ साली स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, १९४९पासून तो भरवते आहे. जागा युटा राज्याच्या पश्चिम सीमेवर, वेंडोव्हर गावाजवळ. सॉल्ट लेक सिटीहून इंटरस्टेट ८०ने पश्चिमेला सुमारे १९० किमी. सॅन फ्रान्सिस्कोकडून याल तर तोच रस्ता, अंतर साधारण १,००० किमी. बे एरियातली बरीच मराठी मंडळी हा पल्ला एका दिवसात मारायला निघतात, पण चालवणारे दोघे असतील तरच तसं करावं. नेवाडातला रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, डुलकी लागायला वेळ लागत नाही. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नये. वेस्ट वेंडोव्हर नेवाडात असलं तरी युटाचीच वेळ पाळतं.

बुकिंग करताना पावसाचा हिशेब

२०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं आणि पुन्हा २०२२ मध्ये ओल्या मिठामुळे स्पीड वीक रद्द झाला. कोरडं मीठ हे वरवरचं दृश्य असतं. भाकरीच्या पापुद्र्यासारखा वरचा थर कडक आणि खाली ओला चिखल. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून पावसाळी हवा वर सरकते आणि एका जोरदार सरीने मैदानावर पाणी साचतं. ते मुरत नाही, ऊन आणि वाऱ्याने सुकेपर्यंत तसंच उभं राहतं. भारतातून येणाऱ्यांनी फक्त या शर्यतीसाठी तिकीट काढू नये. सहलीत युटाची राष्ट्रीय उद्यानं किंवा नातेवाइकांकडचा मुक्काम जोडून ठेवावा. हॉटेल, भाड्याची गाडी, सगळं रद्द करता येईल असंच घ्यावं आणि निघण्याच्या आठवडाभर आधीपासून एससीटीएच्या सूचना रोज पाहाव्यात.

भाड्याच्या गाडीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या करारात डांबरी रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई असते आणि तिथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. मीठ हा डांबरी रस्ता नव्हे. करार वाचा, नाहीतर मित्राच्या जुन्या गाडीतून जा. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असलेला बरा.

कोणते दिवस निवडावेत? आठवडाभर राहायची गरज नाही. शनिवारी गाड्या फक्त पात्रता मिळवतात, त्यामुळे पहिले विक्रम रविवारी सकाळी होतात. गुरुवारपासून पिट, म्हणजे संघ आपल्या गाड्यांवर काम करतात तो भाग, ओस पडायला लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने शनिवारी दुपारी पोचून तळ मांडावा आणि रविवार ते मंगळवार मिठावर काढावेत.

मुक्कामाची जागा

इंटरस्टेट ८०वरचं ४ क्रमांकाचं एक्झिट घेऊन उत्तरेकडे वळलं की थोड्या अंतरावर डांबरी रस्ता उजवीकडे, मिठाच्या दिशेने वळतो. त्या वळणाच्या परिसराला सगळे ‘बेंड इन द रोड’ म्हणतात. स्पीड वीकमध्ये प्रेक्षक आणि अनेक संघ इथेच राहतात. जमीन सपाट, मुरमाड आणि धुळीची, झाड एकही नाही. पाणी, वीज यांची अपेक्षा ठेवू नका. गर्दीचा फायदा असा की काही बिघडलं तर शेजारी पाना आणि जम्पर केबल दोन्ही मिळतात. तोटा असा की जनरेटर रात्री उशिरापर्यंत चालतात आणि महामार्गाचा आवाजही येत राहतो. झोपेसाठी कानात घालायचे फोमचे बोळे न्या. तेच दिवसा स्टार्ट लाइनवरही लागतील.

शांतता हवी असेल तर उत्तरेला सिल्व्हर आयलंड डोंगराच्या पायथ्याशी सरकारी जमिनीवर राहता येतं. रस्ता खडीचा, मोबाइलची रेंज अधूनमधून आणि मदत लांब. पहिल्या खेपेला दोन गाड्या असतील तरच तिकडे जा. तिसरा पर्याय वेंडोव्हरमधली कॅसिनो-हॉटेलं. लहान मुलं किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सरळ हाच घ्या. ऑगस्टच्या उन्हात तंबूत दुपारची झोप अशक्य असते.

तळ उभारण्याचा क्रम

पेट्रोल टाकी सॉल्ट लेक खोरं सोडण्याआधीच भरा. मधल्या जवळजवळ १५० किमीच्या पट्ट्यात पंपांचा भरवसा नाही. किराणा, बर्फ आणि पाणीही शक्यतो शहरातच घ्या. स्वयंपाकाच्या गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो इथेच विकत घ्यावा लागतो.

तळावर उजेड असताना, निदान सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचा. प्रथम वाऱ्याची दिशा बघा. साधारणपणे वारा दुपारनंतर वाढतो आणि ढगांच्या आधी जोराचा झोत येतो. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा आणि तिच्या आडोशाला तंबू. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट दिशेला. तंबूबरोबर आलेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या खुंट्या इथे वाकतात. २५ ते ३० सेंटिमीटरच्या लोखंडी खुंट्या आणि एक किलोचा हातोडा आणा. आतली जाळी नुसती नको, वर कापडाची झडप हवी, नाहीतर पहाटे उशीवर धुळीचा थर असतो.

सावलीचा मंडप म्हणजे तीन बाय तीन मीटरचा घडीचा कॅनपी. त्याच्या प्रत्येक पायाला किमान २० किलो वजन बांधा. १९ लिटरची प्लास्टिकची बादली पाण्याने भरली की तेवढं वजन होतं. चार बादल्या, चार घट्ट पट्टे, एवढं पुरतं. मिठावर तर वजनच वापरा, थराला खुंट्यांची भोकं पाडू नका. कॅनपी उडतात त्या बहुतेक वेळा माणसं दूर असताना. म्हणून तळ सोडताना आणि झोपण्याआधी मंडपाचं छत खाली घ्यायची सवय लावा. उडालेला मंडप शेजारच्याच्या गाडीची काच फोडतो, आणि मग भरपाईचं बोलणं सुरू होतं.

पाणी माणशी रोज चार लिटर पिण्यासाठी, शिवाय दोन लिटर हात-तोंड आणि भांड्यांसाठी. चार जणांच्या तीन दिवसांसाठी हे ७२ लिटर होतं. एकच मोठा पिंप न घेता १० ते १९ लिटरचे कॅन घ्या, एक फुटला तरी सगळं जात नाही. कूलर दोन ठेवा. पेयांचा दिवसात पन्नासदा उघडतो, जेवणाचा दोनदा. दोन्ही एकत्र केले तर दुसऱ्या दिवशी दुपारी दही नासतं. बर्फाचे तुकडे न घेता सलग लादी घ्या, ती जास्त टिकते.

स्वयंपाक साधा ठेवा. शेकोटीवर बंदी असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून गॅसची शेगडी. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळपास पाचगणीइतकी. इथे पाणी सुमारे ९६ अंशांना उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला अंत पाहते. लहान प्रेशर कुकर आणा किंवा मुगाची खिचडी करा. दिवसा मिठावर मात्र चूल पेटवायची नाहीच. पोळीच्या गुंडाळ्या, ठेपले, दडपे पोहे, चिवडा, काकडी. कोकम सरबताचं सार आणि जलसंजीवनीची पाकिटं बरोबर हवीतच. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि शरीरात मीठ गेलं नाही तर डोकं दुखायला लागतं, मळमळतं. चौफेर मीठ असूनही पोटात मात्र नाही, अशी गंमत.

ऊन खालूनही येतं

पहिल्यांदा येणारे हमखास इथेच फसतात. पांढऱ्या मिठावरून परावर्तित झालेलं ऊन टोपीच्या खालून येतं. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांच्या कडा, कानांमागचा भाग, गुडघ्यांची मागची बाजू भाजते. हाफपँट घातली तर आतून मांड्याही. एसपीएफ ३० किंवा ५०चं सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या तोंडाशी आठवणीने. ओठांसाठी सनस्क्रीन असलेला बाम. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण पँट टी-शर्ट-हाफपँटपेक्षा थंड वाटते. रुंद काठाची टोपी हवीच, तिला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी.

गॉगल कडांनी बंद असलेला, यूव्ही ४०० प्रतीचा घ्या. स्वस्त काळी काच धोक्याची, कारण तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरणं जास्त आत जातात. दिवसभर गॉगलशिवाय राहिलात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. हा बुबुळाचा सनबर्न असतो. अंधारात विश्रांती घ्या, डोळे चोळू नका, आणि दुसऱ्या दिवशीही कमी झालं नाही तर डॉक्टर गाठा.

दुपारी तापमान ३५ अंशांच्या पुढे जाऊ शकतं. हवा कोरडी असल्याने घाम दिसतच नाही, म्हणून तहान लागण्याची वाट बघू नये. चक्कर, थंडगार चिकट त्वचा, गोळे येणं ही उष्माघाताआधीची लक्षणं. सावलीत झोपवा, कपडे ओले करा, जलसंजीवनी थोडी-थोडी पाजा. बोलण्यात असंबद्धता आली तर वाट बघू नका, मैदानावरच्या अधिकाऱ्याला गाठा किंवा ९११ला फोन करा. रात्री मात्र गारवा येतो, एक स्वेटर आणि पातळ स्लीपिंग बॅग पुरते.

पायांत जुने, बंद, कापडी बूट. चपला-सँडलमध्ये मीठ जाऊन बोटांच्या बेचक्या चरचरतात. चामडी बूट कोरडे पडून तडकतात.

मिठावर गाडी नेताना

डांबरी रस्ता संपतो तिथे प्रवेशद्वार असतं. तिकीट एका दिवसाचं किंवा पूर्ण आठवड्याचं मिळतं. रोख रक्कम जवळ ठेवा, कार्डाची यंत्रं रेंजवर अवलंबून असतात. डांबर संपताना अनेकदा खारट पाण्याचं डबकं असतं. ते चालण्याच्या वेगाने पार करा. जोरात गेलात तर मीठ इंजिनपर्यंत उडतं आणि तिथे सुकून दगड होतं. पुढे कोन आणि झेंड्यांनी आखलेला रस्ताच धरा. मैदानाच्या कडेला, विशेषतः मीठ करडं दिसतं तिथे, थर पातळ असतो आणि गाडी आसापर्यंत रुतते. ती ओढून काढायचं बिल खिशाला चांगलंच लागतं, आणि अनेकदा ओढणारी गाडीही रुतायच्या भीतीने आत येत नाही. मृगजळामुळे अंतराचा अंदाज चुकतो. मुक्कामाची जागा, प्रवेशद्वार आणि तुम्ही गाडी लावाल ती जागा, तिन्ही फोनच्या ऑफलाइन नकाशावर खूण करून ठेवा.

ढग दाटले की काय करायचं ते आधी ठरवा. मैलोन्‌मैल सपाट जागेवर तुम्हीच सर्वांत उंच असता. गडगडाट ऐकू आला की मंडप सोडून पत्र्याच्या छताच्या गाडीत बसा, धातूच्या खांबाजवळ उभे राहू नका. पाऊस सुरू होतोय असं दिसलं तर सामान भिजू द्या आणि आधी आखलेल्या रस्त्याने बाहेर पडा. जवळचा रस्ता शोधायला जाणारेच अडकतात.

काय पाहायचं आणि कुठून

इथे दोन गाड्या शेजारी-शेजारी धावत नाहीत. एक गाडी, एक घड्याळ. हे माहीत नसलेला माणूस तासाभरात कंटाळतो. लांब ट्रॅकवर गाडीला आधी दोन मैल वेग घ्यायला मिळतात आणि पुढच्या मैलांत वेळ मोजली जाते. छोटा ट्रॅक ताशी १७५ मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २८२ किमीपर्यंतच्या गाड्यांसाठी. सुरुवातीला ट्रकने ढकललेली गाडी दिसेल. ती बंद पडलेली नसते. तिचा गिअर इतका उंच असतो की थांबलेल्या अवस्थेतून स्वतः निघताना क्लच जळेल, म्हणून धक्का.

गाडीवरची अक्षरं वाचायला शिका. पहिला भाग इंजिनाचा आकार: एए म्हणजे ५०१ घन इंचांहून मोठं, म्हणजे ८.२ लिटरच्या पुढे. एफ म्हणजे दोन ते तीन लिटर, जी म्हणजे दीड ते दोन लिटर. पुढची अक्षरं गाडीची जात सांगतात. स्ट्रीमलायनरची चाकं कवचाच्या आत, लेकस्टरची बाहेर. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या टाकाऊ इंधनटाक्यांपासून केलेल्या लेकस्टर अजूनही धावतात आणि त्या जवळून बघण्यासारख्या असतात. जेट किंवा रॉकेटवर चालणाऱ्या गाड्यांची वाट बघू नका. ताशी ६०० मैल ओलांडणारा क्रेग ब्रीडलव्ह (१९६५) आणि ‘ब्लू फ्लेम’मधून ताशी १,००० किमीपलीकडे गेलेला गॅरी गॅबेलिच (१९७०) याच मैदानावरचे, पण स्पीड वीक हा चाकांना इंजिनाने फिरवणाऱ्यांचा मेळा आहे.

विक्रम कसा होतो हे समजलं की दिवसाचं वेळापत्रकही समजतं. जुन्या विक्रमाहून जास्त वेग मिळाला की गाडी सरळ इम्पाउंडमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या राखीव आवारात जाते. तिथे दुरुस्तीला चार तास मिळतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धाव, आणि दोन्ही धावांची सरासरी हा विक्रम. सकाळ निवडण्याचं कारण असं की गार हवा दाट असते. उन्हात हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद स्पष्ट घटते. म्हणून उजाडायच्या आत तळ सोडा आणि विक्रमाच्या धावांना ट्रॅकजवळ हजर राहा. दुपारी बारा ते तीन पिटमध्ये सावलीला बसून पाहिलं तरी फारसं हुकत नाही.

जागा दोन. पहिली स्टार्ट लाइन, जिथे प्रेक्षकाला बरंच जवळ जाता येतं आणि चालकाला पट्ट्यांनी आवळताना बघता येतं. दुसरी ट्रॅकच्या बाजूला, मोजणीच्या मैलाजवळ. तिथे सुरक्षित अंतर बरंच असल्याने गाडी ठिपक्याएवढी दिसते आणि आवाज मागून येतो. ८ किंवा १० पट दुर्बीण आणा. निवेदकाचा आवाज रेडिओवर प्रसारित होतो, फ्रिक्वेन्सी प्रवेशद्वारापाशी कळते. छोटा बॅटरीचा रेडिओ न्या, कारण गाडीतला चालू ठेवून बॅटरी उतरवणारे रोज दोन-चार असतात. पहिल्या दिवशी सकाळी स्टार्ट लाइन, दुसऱ्या दिवशी मोजणीचा मैल असं करा. एकाच दिवसात दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे उशीर होतो.

पिटमध्ये मोकळेपणाने फिरता येतं. बोनेट उघडं असेल तर बघा, विचारा, लोक आनंदाने सांगतात. पण माणूस गाडीखाली असताना किंवा इंधन भरताना गप्पा नकोत, आणि न विचारता कशालाही हात नको. लाल टोपी दिसली तर ती २०० माइल पर अवर क्लबच्या सदस्याची, म्हणजे ताशी २०० मैलांवर, सुमारे ३२२ किमीवर, विक्रम केलेल्या माणसाची. ती भेट म्हणून मागू नये.

फोटोसाठी सकाळचे पहिले तास. दहानंतर हवेच्या थरथरीने लांब लेन्सचे फोटो विरघळल्यासारखे येतात, कितीही महाग लेन्स असली तरी. पांढऱ्या मिठाने कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि फोटो करडे येतात. एक ते दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. मिठावर लेन्स बदलू नका. ड्रोन घरी ठेवा.

परतताना धुलाई

मीठ गाडीच्या तळाशी, चाकांच्या आत आणि मडगार्डच्या घड्यांत बसतं. महामार्गावर ताशी १०० किमीला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर ॲलाइनमेंट बिघडली असं समजू नका, आधी चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेली मिठाची लादी काढा. वेंडोव्हरमध्येच, सुकून घट्ट व्हायच्या आत प्रेशरने धुऊन घ्या: आधी चारही चाकांच्या आतून, मग कमानी, मग तळ, शेवटी रेडिएटरच्या समोरून हलक्या दाबाने. जास्त दाब लावला तर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. घरी पोचल्यावर बागेचा फिरता फवारा गाडीखाली ठेवून अर्धा-पाऊण तास चालू द्या, मग फवारा पुढे सरकवून पुन्हा. हे दोन-तीन दिवसांनी आणखी एकदा करावं लागतं, कारण सांध्यांतून मीठ झिरपत राहतं. शेवटी ब्रेक दोन-चारदा हलके दाबून डिस्क सुकवा.

तंबूच्या खांबांची टोकं, खुर्च्यांचे स्क्रू, ट्रायपॉडचे पाय आणि कॅनपीचे सांधे गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यांना सिलिकॉनचा हलका हात द्या. तसेच गुंडाळून ठेवले तर पुढच्या वेळी कॅनपी उघडतच नाही, पाय एकमेकांत गंजून बसलेले असतात.